खारीच्या शिकारीसाठी हलकी ठासणीची रायफल: नळी कोणती घ्यावी?

वाचकाचं पत्र

"पेन्सिल्व्हेनियात लँकेस्टरजवळ राहतो, मूळचा सावंतवाडीकडचा. आजोबांकडे शेती संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, तेव्हापासून या बंदुकांची ओढ आहे. सध्या माझ्याकडे ५० कॅलिबरची, म्हणजे आतलं भोक अर्ध्या इंचाचं असलेली, एक कारखान्यातली रायफल आहे. पण ती जड आहे, आणि डाव्या खांद्याच्या दुखण्यामुळे ती आता फार वेळ पेलवत नाही. म्हणून एका कारागिराकडून खारींसाठी चकमकीची हलकी रायफल बनवून घेतोय. त्याने तीन नळ्या सुचवल्या आहेत: ३२ कॅलिबर, १३/१६ इंची सरळ अष्टकोनी, ४२ इंच लांब, ३६ कॅलिबर, ३/४ इंची सरळ, ३६ इंच लांब, आणि ४० कॅलिबर, मध्ये बारीक नि तोंडाशी किंचित रुंद अशी, म्हणजे स्वॉम्प्ड, ३८ इंच लांब. मित्र म्हणतो, ४५ घे, म्हणजे हरणालाही तीच चालेल. मला चाळिशीचा चष्मा आहे. सोळा वर्षांची लेकही हीच रायफल चालवणार आहे. काय निवडू?"

उत्तर

प्रिय वाचक,

मित्राचा सल्ला आधी बाजूला ठेवू, कारण तिथे आवडीनिवडीचा प्रश्नच येत नाही. तुमच्या राज्यात लहान प्राण्यांच्या शिकारीसाठी ठासणीची रायफल ४० कॅलिबर किंवा त्याहून लहान लागते. नाताळानंतर हरणासाठी जो खास चकमकीच्या बंदुकांचा हंगाम असतो, त्यात मात्र ४४ किंवा त्याहून मोठी लागते. या दोन आकड्यांच्या मधून दोन्हीकडे चालेल अशी नळी निघतच नाही. हरणासाठी तुमची ५० आहेच, ती विकू नका. नवी रायफल फक्त खारींसाठी आहे असं मनाशी पक्कं केलंत, की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

उरलेल्या तिन्हींत पहिली मी घेणार नाही. दुसरी चांगली आहे. तिसरी उत्तम आहे, पण तुमच्या कामापेक्षा थोडी वेगळ्या कामाची. मी तुमच्या जागी असतो तर कारागिराला चौथीच सांगितली असती: ३६ कॅलिबर, ३८ इंच लांब, बुडाशी १३/१६ इंच आणि तोंडाशी ११/१६ इंच अशी निमुळती अष्टकोनी. का, ते सविस्तर सांगतो, म्हणजे कारागीर काही वेगळं बोलला तर तुम्हाला त्याच्याशी नीट चर्चा करता येईल.

हलकी रायफल हवी म्हटल्यावर बहुतेक जण वजनापासून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात बोअरपासून, म्हणजे नळीच्या आतल्या भोकापासून करावी. नळीच्या बाहेरच्या मापाचा, ठासायच्या गजाचा, दस्त्याच्या जाडीचा, सगळ्याचा हिशेब तिथून सुरू होतो.

३२ कॅलिबरची गोळी ०.३१० इंच व्यासाची, वजनाला साधारण ४५ ग्रेन (एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम). २२ रिमफायर या लहान काडतुसाची नेहमीची गोळी ४० ग्रेनची असते, म्हणजे दोन्ही जवळपास सारख्याच. ३६ ची ०.३५० इंची गोळी ६४ ग्रेनच्या आसपास भरते, आणि ४० ची ०.३९५ इंची गोळी ९२ च्या. एक पौंड शिशातून ३२ च्या दीडशेच्या वर गोळ्या पडतात, ३६ च्या शंभरावर आणि ४० च्या पंचाहत्तर. दारूचंही तसंच: ३२ ला १५ ते २० ग्रेन पुरतात, ३६ ला २० ते ३०, आणि ४० ला ३० ते ४०. आवाज कमी, धक्का जवळजवळ नाही, मांस खराब होत नाही आणि खर्चही थोडा, हे ३२ चे गुण खरे आहेत. ती आवडणारे लोक तिच्यावर जीव टाकतात आणि मला ते समजतं.

पण जंगलात तिचे हाल लवकर सुरू होतात. बोअर जितकं लहान तितकी काजळी लवकर आडवी येते. काही गोळ्यांनंतरच ठासताना हात अडतो, आणि मध्येच थांबून नळी पुसावी लागते. गोळी वाळलेल्या वाटाण्याएवढी. ऑक्टोबरच्या थंडीत बधिर बोटांनी ती पॅचवर, म्हणजे गोळीभोवती गुंडाळायच्या कापडाच्या तुकड्यावर, बसवताना निसटली आणि पानांच्या थरात पडली, की गेलीच. वारा असला तर तिला ढकलायला फार जोर लागत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गज. ३२ च्या बोअरमध्ये ५/१६ इंचाहून जाड गज जातच नाही. ५/१६ म्हणजे ०.३१२ इंच, बोअर ०.३२. मध्ये केसभर जागा. तो हिकरीच्या लाकडाचा बारीक गज ४२ इंची नळीत काजळीला रेटून उतरवताना धनुष्यासारखा वाकतो. लाकडाचा रेषा तिरका गेलेला असेल तर तो मधेच उभा चिरतो, आणि त्याचं टोकदार फाळकं थेट तळहातात शिरतं. कुठल्याही बारीक गजाला नळीच्या तोंडापासून वीतभर अंतरावरच धरायचं आणि लहान लहान रेटे देत गोळी खाली न्यायची. वरच्या टोकाला धरून एका दमात ढकलायचं नाही, कधीच नाही. लेकीला पहिल्या दिवशी नेम शिकवण्याआधी हे शिकवा.

३/८ इंची, म्हणजे ०.३७५ चा गज ज्यात उतरतो असं सगळ्यात लहान नेहमीचं बोअर ४० चं. हा ४० चा फार मोठा गुण आहे. जाड गज मोडत नाही, पुसायला सोपं पडतं, आणि ५० यार्डांवर कागदाच्या निशाण्यालाही ती रायफल मजेत चालते. क्लबातल्या स्पर्धा आणि खारी, दोन्ही करायचं असतं तर मी तुम्हाला डोळे मिटून तिसरा पर्याय सांगितला असता. पण तुमच्या पत्रात स्पर्धेचा उल्लेख नाही. खारीवर २० ते ३० यार्डांतून, तेही डोक्यावर नेम धरून गोळी मारायची असते, तिथे ९२ ग्रेनची गोळी गरजेपेक्षा जास्त आहे. नेम जरा मागे सरकला तर पुढचे पाय आणि खांद्याचं मांस गेलं असं समजा. शिवाय जाड गजासाठी दस्त्याला मोठं भोक पाडावं लागतं, आणि मग नळीखालचं लाकूडही तेवढंच जाड ठेवावं लागतं. ३६ मध्ये ५/१६ चा गज पुरेशी जागा ठेवून सरकतो, ३२ सारखा घट्ट नाही, आणि दस्ताही सडपातळ राहतो. तुमच्या कामाला मला ३६ च सगळ्यात योग्य वाटते.

आता वजन. अष्टकोनी पोलादी नळीचं वजन मापांवरून काढता येतं, त्यासाठी नळी हातात लागत नाही. तुमच्या पहिल्या पर्यायातली १३/१६ इंची, ३२ बोअरची, ४२ इंची नळी सुमारे ५.६ पौंड भरेल, म्हणजे नुसती नळीच अडीच किलो. तेवढ्याच लांबीची आणि बाहेरून तेवढीच जाड नळी ४० बोअरची घेतली तर ती ५ पौंडांवर येते. लहान कॅलिबर म्हणजे हलकी रायफल, असा अनेकांचा समज असतो. बाहेरचं माप तेच ठेवलं तर होतं नेमकं उलटं. भोक लहान म्हणजे आत पोलाद जास्त. म्हणून ३२ घ्यायचीच असेल तर ती बाहेरूनही बारीक हवी, नाहीतर तिचा हलकेपणा फक्त गोळीपुरताच राहतो.

दुसऱ्या पर्यायातली ३/४ इंची, ३६ बोअरची, ३६ इंची नळी ३.७ पौंडांची. पहिलीपेक्षा जवळजवळ दोन पौंडांनी हलकी. पण तराजूवरच्या आकड्यापेक्षा तुमच्या डाव्या खांद्याला कळणारी गोष्ट वेगळी आहे: ते वजन किती पुढे आहे. सरळ नळीचं वजन तिच्या मध्यावर तोललेलं असतं. ४२ इंचीत ते बुडापासून २१ इंचांवर, ३६ इंचीत १८ वर. वजन गुणिले अंतर केलं, तर पहिल्या नळीची पुढे ओढ ११७ येते आणि दुसरीची ६७. म्हणजे जवळपास निम्मी. रायफल खांद्याला लावून एखाद्या फांदीकडे पाहत मिनिटभर थांबलात की हा फरक दंडात उतरतो.

मी सांगितलेली निमुळती नळी ३८ इंच लांब असूनही ३.९ पौंडांची होते, आणि तिचा तोल बुडापासून १७.७ इंचांवर पडतो. ३६ इंची सरळ नळीच्याही अलीकडे. पुढची ओढ ७० च्या आसपास, म्हणजे दुसऱ्या पर्यायाइतकीच. त्या बदल्यात दोन इंच जास्त लांबी मिळते आणि बुडाशी जास्त पोलाद मिळतं, आणि या दोन्ही गोष्टींची तुम्हाला गरज आहे.

लांबीची गरज चष्म्यामुळे. ३६ कॅलिबरमध्ये २५ ग्रेन दारू जळायला ३८ इंच लागत नाहीत, त्याहून बऱ्याच कमी नळीतही काम होतं. पण चाळिशीनंतर नेम धरायची मागची खाच धूसर दिसायला लागते, आणि ती डोळ्यापासून जितकी लांब तितकी स्पष्ट. ३८ इंची नळीवर मागची खाच बुडापासून नऊ-दहा इंच पुढे बसवता येते, आणि तरीही ती खाच नि पुढची माशी यांच्यात २७ इंचांच्या आसपास अंतर उरतं. कारागिराला हे आधीच सांगा. मागची खाच एकदा कोरून बसवली की पुढे सरकवणं म्हणजे नळीवर कायमचा डाग. शक्य असेल तर त्याच्याकडे जाऊन एखाद्या जुन्या नळीवर चिकटपट्टीने खाच तात्पुरती चिकटवा, चष्मा लावून पाहा, पुढे-मागे करा, आणि तुमच्या डोळ्याला पटेल ती जागा पेन्सिलीने आखून घ्या. माशी चांदीची किंवा पितळेची घ्या, दाट झाडीतल्या कमी उजेडात ती दिसते. सुरुवातीला ती उंचच ठेवायला सांगा. गोळी खाली लागत असेल तर माशी घासून नेम वर आणता येतो. आधीच घासलेली माशी वाढवता येत नाही.

हलक्या नळीवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: तोंडाकडे वजन नसलं तर उभ्याने नेम धरताना नळी थरथरते. मोकळ्या मैदानात दोन्ही हातांवर रायफल तोलून मारणाऱ्यासाठी हे खरं आहे, आणि म्हणूनच स्वॉम्प्ड नळी इतकी आवडती आहे. तिचं मधलं अंग बारीक आणि तोंड थोडं रुंद, त्यामुळे एकूण वजन कमी होऊनही टोकाशी थोडा भार राहतो. पण खारीच्या शिकारीत तुम्ही बहुतेक वेळा झाडाला टेकून उभे असता, डाव्या हाताची मूठ खोडाला लावून. तिथे थरथर फारशी उरत नाही. स्वॉम्प्ड नळी सुंदर दिसते हे मान्य. अठराव्या शतकात लँकेस्टर भागात जर्मन आणि स्विस मुळाच्या कारागिरांनी लांब रायफली बनवल्या, त्यांच्या नळ्यांची ठेवण अशीच असे, आणि तुम्ही त्याच मातीत राहता. त्या रूपावर मन बसलं असेल तर ३६ बोअरमध्ये सगळ्यात बारीक ठेवणीची स्वॉम्प्ड नळी मागवा. फक्त दोन गोष्टी आधी विचारा: तिचं प्रत्यक्ष वजन किती, आणि कमरेपाशी, म्हणजे सर्वात बारीक जागी, माप किती.

ते माप का हवं, तर नळी बारीक झाली की कोरीव कामाला जागा कमी उरते. माझ्या निमुळत्या नळीच्या तोंडाशी बोअरपासून बाहेरच्या सपाट बाजूपर्यंत ०.१६ इंच पोलाद आहे. माशीसाठी १/१६ इंच खोल खाच कोरली, आतल्या खोबणीची, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या पीळदार चरांची, खोली वजा केली, की ०.०९ इंच उरतं. तोंडाशी दाब कमी असतो, तिथे ते पुरेसं आहे. पण यापेक्षा खोल खाच नको. नळी दस्त्यात धरून ठेवणारे खालचे कानही शक्यतो उथळ खाचेत बसवावेत, आणि बुडाच्या जवळ कसलीही खाच नसावी.

बुडाशी जास्त पोलाद का, हेही याच हिशेबात येतं. मागून नळी बंद करणारा प्लग आट्यांनी बसतो. ३/४ इंची नळीत ९/१६ चा प्लग बसवला तर आट्यांबाहेर सपाट बाजूला जेमतेम ०.०९ इंच उरतं. १३/१६ मध्ये तोच प्लग ०.१२५ सोडतो. ३/४ मध्ये अर्ध्या इंचाचा प्लग बसवता येतो, आणि ३६ बोअरला तो चालतो, कारण प्लगच्या तोंडाला टेकायला आत थोडी कड राहते. त्याच नळीत बोअर ४० चं असेल तर खोबणी आणि आटे इतके जवळ येतात की ती कडच नाहीशी होते. प्लग नीट टेकला नाही तर मधल्या फटीत काजळी साठते आणि तिथून नळी कुजते. तुमचा कारागीर अनुभवी असेल तर हे त्याला ठाऊक असेलच. तरी "प्लग कुठल्या मापाचा आणि तो आत टेकतो का" एवढं विचारायला लाजू नका. रंजकाची, म्हणजे खटक्याजवळच्या चिमूटभर दारूची, आग आत नेणारं कानाचं छिद्र प्लगच्या तोंडाच्या किंचित पुढे पडलं पाहिजे, म्हणजे त्यासाठी प्लग खरवडावा लागत नाही. ३६ मध्ये २० ग्रेन दारू पाऊण इंचाच्या आसपास उंची धरते, त्यामुळे इथे चुकायला फार वाव नसतो.

पिळाची फार चिंता करू नका. या कॅलिबरांत गोल गोळीसाठी ४८ इंचांत एक फेरा हा पीळ सर्रास मिळतो आणि छान चालतो. खोबणी चौकोनी की गोल तळाची, यावर लोक तासन्‌तास बोलतात. गोल तळाची पुसायला किंचित सोपी जाते असं माझं मत आहे, पण चौकोनी खोबणीची नळी उद्या मिळत असेल आणि गोल तळाचीसाठी वर्षभर थांबावं लागणार असेल, तर मी थांबणार नाही.

नळी आली की दस्त्याला हात लागण्याआधी ती स्वतः पाहा. दोन्ही टोकांना बोअर मधोमध आहे का ते कॅलिपरने मोजा. बारीक नळीत भोक थोडंही एका बाजूला सरकलेलं असेल तर त्याचं महत्त्व वाढतं. फरक अगदी थोडा असेल तर कारागीर नळी अशी फिरवून बसवू शकतो, की सरकलेली बाजू वर किंवा खाली येईल. मग चूक उंचीत जाते, आणि ती माशी घासून निघते. आडवी राहिली तर खाच एका बाजूला ओढून बसवावी लागते, आणि ते आयुष्यभर डोळ्याला खुपतं. मग तेल लावलेला घट्ट पॅच एका सरळ गजावर बसवून तोंडापासून बुडापर्यंत सावकाश न्या. डोळे मिटून न्या. हाताला सगळीकडे सारखाच विरोध जाणवला पाहिजे. मध्ये कुठे एकदम सैल वाटलं, किंवा एखाद्या जागी अडकून मग सुटलं, तर ती जागा गजावर खूण करून मोजा आणि नळी परत पाठवा. हे तपासणं पाच मिनिटांचं आहे, आणि नळी लाकडात बसल्यावर कोणी ती परत घेत नाही.

त्याच कारणासाठी नळी प्रत्यक्ष हातात येईपर्यंत दस्ता कोरू देऊ नका, आणि आधीच कोरलेला दस्ता विकत घेऊ नका, तो नेमका त्याच ठेवणीच्या नळीसाठी कोरलेला असल्याशिवाय. निमुळत्या नळीचा दस्ता सरळ नळीला बसत नाही आणि उलटही नाही. बाकी रायफल, म्हणजे सडपातळ दस्ता, लहान चकमकीचा खटका, पितळेचं किंवा लोखंडाचं सामान, अडीच ते तीन पौंडांत बसवता येतं. एकूण साडेसहा ते सात पौंड. तुमच्या खांद्याला आणि लेकीलाही हे झेपेल.

चकमकीच्या बंदुकीत खरी काळी दारूच वापरा, तीन एफ जाडीची, म्हणजे बारीक दाण्यांची. पर्यायी म्हणून विकल्या जाणाऱ्या भुकट्या चकमकीच्या ठिणगीने भरवशाने पेटत नाहीत. आणि धूररहित आधुनिक दारू या नळीत चिमूटभरही नाही. नळी फुटते, आणि तिच्या शेजारी तुमचा चेहरा असतो.

खार झाडावर असते आणि तुम्ही खाली, म्हणून गोळी वर जाते. २२ ची असो वा ३६ ची, चुकलेली गोळी आकाशात विरघळत नाही, पलीकडे कुठेतरी पडते. लँकेस्टरच्या आसपास शेतं नि घरं दाट आहेत. खारीच्या मागे जाड खोड किंवा फांदी असेल तरच चाप ओढा. मोकळं आकाश असेल तर ती खार त्या दिवशीची नाही. लेकीसाठी हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा, म्हणजे शिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा, वर्ग आणि तिचा स्वतःचा परवाना लागेल, तो हंगामाच्या बराच आधी उरकून घ्या.

या सदराचे काही वाचक महाराष्ट्रातले आहेत आणि खारीची शिकार वाचून त्यांना वाईट वाटेल, हे मी जाणतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, शेकरू तर आपला राज्यप्राणी आहे, आणि ते तसंच असायला हवं. पेन्सिल्व्हेनियातली करडी खार ओक-हिकरीच्या रानात भरपूर आहे, तिच्या शिकारीला हंगाम आणि दिवसाची मर्यादा ठरलेली आहे, आणि ती मारणारे तिचा रस्सा करून खातात. जे खाणार नाहीत त्यांनी मारू नये, इतकंच मी म्हणेन. व्हिसावर असलेल्यांनी एक ध्यानात ठेवावं: अमेरिकेच्या संघीय कायद्यात अशा ठासणीच्या बंदुका साध्या बंदुकांहून वेगळ्या, पुरातन वर्गात धरल्या जातात, पण राज्यांचे नियम स्वतंत्र आहेत. खरेदीच्या आधी आपल्या राज्याचा नियम वाचा आणि शंका असेल तर वकिलाला विचारा.

कारागिराला चिठ्ठी द्यायची तर अशी द्या: ३६ कॅलिबर, ३८ इंच, अष्टकोनी, बुडाशी १३/१६, तोंडाशी ११/१६, पीळ ४८ ला एक, ९/१६ चा प्लग आत टेकलेला, नळीत कोरलेली कोणतीही खाच १/१६ इंचाहून खोल नाही, मागची खाच माझ्या डोळ्याने ठरवलेल्या जागी, माशी उंच. निमुळती मिळाली नाही तर ३/४ इंची सरळ, त्याच बोअरची, ३६ किंवा ३८ इंच; तीही तुम्हाला निराश करणार नाही. रायफल हातात आली की ०.३५० ची गोळी आणि ०.०१५ इंची तिकिंग कापडाचा, म्हणजे गादीच्या खोळीच्या घट्ट विणीच्या कापडाचा, पॅच घेऊन २५ यार्डांवर, टेकू देऊन, २० ग्रेनपासून सुरू करा. दोन-दोन ग्रेन वाढवत जा, दर गोळीनंतर नळी पुसा, आणि उडालेले पॅच उचलून पाहा. पॅच फाटलेला किंवा मधोमध जळालेला दिसला तर दारू वाढवू नका, आधी जाड कापड आणि जास्त तेल करून बघा.